ॲप्रोचमधला रीडबॅक : ऐकणे, लिहिणे, लावणे आणि बोलणे यांचा बरोबर क्रम

ॲप्रोचमध्ये, म्हणजे विमान उतरायला येत असते त्या उड्डाणाच्या शेवटच्या वीसेक मिनिटांत, वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात आकड्यांची नुसती रीघ लागते. हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा, अंशांत), उंची, वेग, क्यूएनएच (अल्टिमीटरमध्ये, म्हणजे उंचीमापकात लावायचा समुद्रसपाटीचा हवेचा दाब), धावपट्टी, पुढची फ्रिक्वेन्सी. बहुतेक आकडे तीन-चार अंकी, कानाला एकमेकांसारखे लागणारे आणि लगोलग येणारे. इथे होणारी चूक बहुधा कानाची नसते, अपेक्षेची असते. या वळणावर रोज ४००० फूट मिळतात म्हणून आज ५००० सांगितले तरी कान ४००० घेतो, तोंड ४००० म्हणते आणि तिकडे नियंत्रकालाही आपण दिलेला ५००० हाच आकडा परत आल्यासारखा वाटतो. रीडबॅक, म्हणजे ऐकलेली सूचना नियंत्रकाला परत म्हणून दाखवणे, झाला, सगळे समाधानी, आणि विमान चुकीच्या उंचीकडे निघाले.

खालचा क्रम नवे सहवैमानिक आणि प्रशिक्षणातले नियंत्रक यांच्यासाठी आहे. कंपनीची किंवा केंद्राची लेखी कार्यपद्धती वेगळे सांगत असेल तर तीच पाळायची.

टप्पा १ : उतरणी सुरू होण्याआधीची तयारी

१. एटिस (विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती, तिच्या प्रत्येक आवृत्तीला एक अक्षर असते) दोघांनी ऐका, एकाने लिहा. अक्षर, धावपट्टी, ॲप्रोचचा प्रकार, क्यूएनएच आणि ट्रान्झिशन लेव्हल (खाली येताना प्रमाण दाबाऐवजी क्यूएनएच लावायची पातळी) ही पाच नावे कागदावर हवीतच. क्यूएनएचचे एककही लिहा, हेक्टोपास्कल की इंच.

२. नोंदीची खूण कायमची ठरवून घ्या. उदाहरणार्थ हेडिंगसाठी ‘हे २१०’, वेगासाठी ‘वे १८०’, उंचीच्या मागे खाली जाणारा बाण. अक्षर किंवा बाण नसलेला नुसता आकडा लिहायचाच नाही. ‘२१०’ एवढेच लिहून ठेवले की अर्ध्या मिनिटाने तो वेग होता की हेडिंग, हे कोणालाच आठवत नाही.

३. नवा आकडा आला की जुना आडव्या रेषेने कापून खाली नवा लिहा. जुन्यावर गिरवू नका. घाईत गिरवलेला ४ सहज ९ दिसतो.

४. ब्रीफिंगमध्ये एक प्रश्न मुद्दाम घाला : आज कोणत्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू शकतात? समांतर धावपट्ट्यांची डावी-उजवी, सारख्या नावाचे दोन वे-पॉइंट (मार्गावरचे ठरलेले बिंदू), आपल्यासारखे कॉलसाइन (रेडिओवरचे नाव) असलेले दुसरे विमान. जे सापडेल त्याभोवती चार्टवर गोल करा. यासाठी अर्धे मिनिट पुरते, आणि आमच्या मते ब्रीफिंगमधले सर्वांत उपयोगी अर्धे मिनिट हेच.

५. कंपनीशी बोलणे, प्रवाशांना सूचना, केबिनशी निरोप हे सगळे १०,००० फुटांच्या वर उरकून घ्या. त्याखाली दोघांचेही कान एकाच फ्रिक्वेन्सीवर हवेत.

तपासा : एक वैमानिक काही काळ फ्रिक्वेन्सीवर नव्हता का? मग तो परत आल्याबरोबर दुसऱ्याने हेडिंग, उंची, वेग या क्रमाने काय बदलले ते सांगायचे. ‘काही नाही’ असेल तर तेही तोंडाने सांगायचे.

टप्पा २ : ॲप्रोचशी पहिला संपर्क

नव्या फ्रिक्वेन्सीवर आल्यावर लगेच बोलू नका. आधी ऐका, कोणाचे उत्तर बाकी आहे का ते पाहा. बटण दाबल्यावर एक क्षण थांबून मग बोला. नाहीतर कॉलसाइनचे पहिले अक्षर कापले जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

पहिल्या संदेशात कॉलसाइन, आता ओलांडत असलेली पातळी, मंजूर झालेली पातळी, नियंत्रकाने दिलेला वेग किंवा हेडिंग असल्यास ते, आणि एटिसचे अक्षर. बरेच जण फक्त मंजूर पातळी सांगून मोकळे होतात. पण मागच्या नियंत्रकाने काय दिले आणि पुढच्याला काय कळवले, यात तफावत असेल तर ती पकडण्याची पहिली संधी याच संदेशात असते. ओलांडत असलेली पातळी सांगितली की नियंत्रक ती पडद्यावरच्या ट्रान्सपाँडरच्या (विमानातून उंची आपोआप कळवणाऱ्या यंत्राच्या) आकड्याशी ताडून पाहतो.

जुनी फ्रिक्वेन्सी रेडिओच्या स्टँडबाय खिडकीत राहू द्या. नवीवर उत्तर आले नाही तर अंदाजाने दुसरे आकडे फिरवण्यापेक्षा परत जाऊन विचारणे बरे.

टप्पा ३ : सूचना आली, आता काय

सर्वाधिक चुका इथेच होतात, कारण दोघे वैमानिक एकमेकांच्या कानावर विसंबतात. क्रम असा ठेवा.

१. सूचना पूर्ण होईपर्यंत दोघेही ऐकतात. मध्येच ऑटोपायलटला आकडा द्यायचा नॉब फिरवायला हात घालायचा नाही. पहिला आकडा लावण्याच्या नादात दुसरा निसटतो.

२. रेडिओ सांभाळणारा लिहितो आणि स्वतःच्या कानाने जे ऐकले ते परत म्हणतो. विमान चालवणारा स्वतःच्या कानाने जे ऐकले ते लावतो.

३. लावलेला आकडा चालवणारा मोठ्याने म्हणतो, दुसरा तो नॉबजवळच्या आकड्याच्या खिडकीत आणि मुख्य डिस्प्लेवर, दोन्हीकडे पाहून दुजोरा देतो.

४. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कोणाचे खरे यावर कॉकपिटमध्ये चर्चा नको. पुन्हा विचारा.

सावधान : रीडबॅक देताना खिडकीत लावलेला आकडा वाचून दाखवू नका. दोन कानांची स्वतंत्र साक्ष त्याने एक होऊन जाते. चालवणाऱ्याने चुकीचे ऐकले असेल तर तीच चूक तुमच्या तोंडून प्रसारित होते.

काय परत म्हणायचेच, हे ठरलेले आहे : मार्गाची मंजुरी, धावपट्टीवर उतरणे, येणे, ओलांडणे किंवा तिच्याबाहेर थांबणे यांविषयीच्या सूचना, वापरातली धावपट्टी, क्यूएनएच, स्क्वॉक (ट्रान्सपाँडरचा कोड), पातळी, हेडिंग, वेग आणि ट्रान्झिशन लेव्हल. शेवटी पूर्ण कॉलसाइन. वाऱ्याचा आकडा परत म्हणायची गरज नाही. तो म्हटल्याने फ्रिक्वेन्सी अडते आणि महत्त्वाचा आकडा त्यात बुडतो.

आकड्यापुढे त्याची ओळख सांगायची सवय लावा. ‘टू’ हा इंग्रजी शब्द उच्चारात ‘कडे’ही होतो आणि ‘दोन’ही. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू बोइंग ७४७ ला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ अशी सूचना मिळाली. अर्थ होता २४०० फूट. कॉकपिटमध्ये तो ‘४०० फुटांपर्यंत’ असा घेतला गेला, रीडबॅकही ४०० चा गेला, कोणी अडवले नाही आणि विमान टेकडीवर आदळले. विमानातले चौघेही गेले. ‘डिसेंड टू अल्टिट्यूड टू थाउजंड फोर हंड्रेड’ असे म्हटले असते तर ‘अल्टिट्यूड’ या एका शब्दाने दोन्ही ‘टू’ वेगळे झाले असते. म्हणून ‘टू’ आणि आकडा यांच्या मध्ये ‘अल्टिट्यूड’ किंवा ‘फ्लाइट लेव्हल’ हवेच. हजार आणि शंभर हे शब्दही खाऊ नका. ‘फोर थाउजंड’ ऐवजी नुसते ‘फोर’ म्हणणे अनुभवी लोकही करतात, आणि ते चूकच आहे.

फ्लाइट लेव्हल १०० आणि ११० (प्रमाण दाबावर मोजलेले १०,००० आणि ११,००० फूट) ही आणखी एक बदनाम जोडी. अनेक देशांत १०० ला आता ‘वन हंड्रेड’ म्हणतात, ‘वन झीरो झीरो’ नाही, ते याचसाठी. नऊला ‘नायनर’ म्हणायचे ते पाचच्या ‘फाइव्ह’शी गल्लत होऊ नये म्हणून. खरखरत्या रेडिओवर ही खबरदारी उपयोगी पडते, तिला पुस्तकी समजून सोडू नका.

तपासा : संदेशात दुसऱ्या विमानाची उंची होती का? समोरच्या वाहतुकीची माहिती देताना नियंत्रक तिची पातळी सांगतो आणि ती आपल्याला दिलेली सूचना वाटू शकते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. खाली येणाऱ्या इल्युशिन ७६ ला पातळी १५० वर थांबायचे होते आणि समोरून येणारे बोइंग ७४७ पातळी १४० वर होते. तो १४० आकडाही त्याच संभाषणात आला होता. इल्युशिन १५० वर थांबले नाही. दुसऱ्याचा आकडा लिहायचाच असेल तर चौकटीत लिहा, आपल्या स्तंभात नाही.

टप्पा ४ : शंका आली तर प्रश्न कसा विचारायचा

प्रश्न उघडा ठेवा. ‘कन्फर्म फोर थाउजंड?’ असे विचारले की उत्तर तुम्हीच पुरवलेले असते. घाईतला नियंत्रक ‘अफर्म’ म्हणून टाकतो. त्याऐवजी ‘से अगेन अल्टिट्यूड’ म्हणा. आता त्याला आकडा पुन्हा उच्चारावाच लागेल. पूर्ण संदेश नको असेल तर ‘से अगेन ऑल आफ्टर हेडिंग’ हा प्रमाण मार्ग आहे.

शब्दांचे अर्थ पक्के हवेत. ‘रॉजर’ म्हणजे तुमचा संदेश पूर्ण मिळाला, एवढेच. होकार, मंजुरी किंवा ‘तसे करतो’ हा त्याचा अर्थ नाही. ‘विल्को’ म्हणजे समजले आणि तसे करतो. ‘अफर्म’ म्हणजे होय. ‘स्टँडबाय’ म्हणजे थांबा, मी बोलवीन. त्यातून परवानगी निघत नाही आणि नकारही नाही. माइकच्या बटणाच्या दोन टिकटिकी हे उत्तर नव्हे.

‘रॉजर’ने किती लपते याचे उदाहरण २५ एप्रिल १९८० चे. टेनेरीफला डॅन एअरच्या बोइंग ७२७ ला होल्डिंगबद्दल (पाळी येईपर्यंत एका जागी घिरट्या घालण्याबद्दल) सांगताना ‘टर्न टु द लेफ्ट’ असे शब्द गेले. नियंत्रकाला अपेक्षित होते डावीकडची वळणे, म्हणजे डावा होल्ड. वैमानिकांनी ते एकच डावे वळण धरले आणि विमान डोंगराकडे गेले. १४६ जण गेले. सूचनेला उत्तर ‘रॉजर’ होते, आणि त्या शब्दातून कोणाला काय समजले हे उघड होणे शक्य नव्हते. चार्टवर न छापलेला होल्ड मिळाला तर सगळे घटक परत म्हणा : फिक्स (ज्यापाशी फिरायचे तो बिंदू), इनबाउंड ट्रॅक (त्याकडे येण्याची दिशा), वळणांची दिशा, प्रत्येक बाजूची वेळ, पातळी आणि पुढची मंजुरी कधी अपेक्षित. यातला एक जरी मिळाला नसेल तरी विचारल्याशिवाय होल्डमध्ये शिरू नका.

सावधान : चुकीच्या रीडबॅकनंतरची शांतता म्हणजे संमती नव्हे. त्याच वेळी दुसरे कोणी बोलले असेल, तुमचा संदेश चिरडला गेला असेल. दोन प्रक्षेपणे एकमेकांवर पडली की इतरांना नुसती शिट्टी ऐकू येते, आणि बोलणाऱ्या दोघांना काहीच कळत नाही. ज्याने ऐकले त्याने ‘ब्लॉक्ड’ म्हणावे, मग तो कोणत्याही विमानातला असो.

सूचना आपल्याला होती की सारख्या कॉलसाइनच्या दुसऱ्याला, हे नक्की नसेल तर नॉबला हात लावण्याआधी विचारा. आपल्या सूचनेला दुसऱ्याने उत्तर दिलेले ऐकले तर गप्प बसू नका. नियंत्रकाला ते दोन आवाज वेगळे ओळखू येतीलच असे नाही.

टप्पा ५ : क्यूएनएच, म्हणजे रीडबॅक पुरत नाही अशी जागा

रीडबॅक ऐकण्यातली चूक पकडतो. बोलणाऱ्याचाच आकडा चुकला असेल तर रीडबॅक त्या चुकीवर शिक्का मारतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरणाऱ्या एका एअरबस ए३२० ला नियंत्रकाने १०११ सांगितले, खरा आकडा होता १००१. वैमानिकांनी १०११ असा अचूक रीडबॅक दिला. समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलमागे साधारण २८ फूट धरले तर १० चा फरक म्हणजे २८० फूट, तोही खालच्या बाजूला. ढगात, धावपट्टी न दिसता, ते विमान जमिनीपासून सुमारे ६ फुटांवर येऊन गो-अराउंडला गेले, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चढले.

यातली मेख नीट समजून घ्या. ॲप्रोच बॅरोमेट्रिक, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेल्या, उंचीवर आधारलेला होता. अशा ॲप्रोचमध्ये क्यूएनएच चुकला की अख्खा उतार खाली सरकतो, पण अंतर आणि उंची यांचा चार्टवरचा तक्ता हुबेहूब जुळत राहतो, कारण ताडून पाहायलाही तोच चुकीचा अल्टिमीटर वापरला जातो. आयएलएसमध्ये (रेडिओ संकेतांवर उतरण्याच्या पद्धतीत) ग्लाइडस्लोप, म्हणजे उताराचा संकेत, जमिनीवरून येतो. तिथे अंतिम फिक्सवरची उंची जुळली नाही की चूक उघडी पडते. म्हणून बॅरोमेट्रिक ॲप्रोचला ही तपासणी सक्तीची माना :

१. नियंत्रकाने दिलेला क्यूएनएच एटिसच्या कागदाशी ताडा. हवामान स्थिर असताना दोन-तीनपेक्षा जास्त फरक दिसला तर ‘से अगेन क्यूएनएच’.

२. एकक म्हणा आणि ऐका. ‘नायनर नायनर वन’ म्हणजे ९९१ हेक्टोपास्कल की २९.९१ इंचांचा शेवट? ९९१ च्या जागी २९.९१ इंच लावले तर विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा सहाशेहून अधिक फूट खाली असते.

३. रेडिओ अल्टिमीटर (खालच्या जमिनीपासूनची उंची रेडिओ लहरींनी मोजणारा) २५०० फुटांवर जागा झाला की त्याचा आकडा आणि चार्टवरची जमिनीची उंची यांची बेरीज मनात करून पाहा. अल्टिमीटरशी ती ढोबळमानाने जुळायला हवी.

टॉवरवरून ‘लो अल्टिट्यूड वॉर्निंग, चेक युवर अल्टिट्यूड इमिजिएटली’ आले आणि धावपट्टी दिसत नसेल तर तपासत बसू नका. आधी वर चढा, मग बोला.

टप्पा ६ : ॲप्रोचची मंजुरी

या मंजुरीत साधारण चार तुकडे येतात : हेडिंग, एस्टॅब्लिश होईपर्यंत (ॲप्रोचच्या मार्गावर स्थिरावेपर्यंत) राखायची उंची, ॲप्रोचचे नाव, धावपट्टी. चारही परत म्हणा. उंचीचा तुकडा नसेल आणि तुम्ही अजून प्रसिद्ध मार्गावर नसाल तर विचारा. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए ५१४ ॲप्रोचची मंजुरी मिळताच १८०० फुटांकडे उतरू लागले आणि वाटेतल्या डोंगरावर आदळले. मंजुरी मिळाली म्हणजे खाली यायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कॉकपिटमध्ये लावला गेला होता. त्या भागाची किमान सुरक्षित उंची चार्टवर बोट ठेवून पाहिल्याशिवाय पहिला फूटही खाली जाऊ नका.

धावपट्टी ऐनवेळी बदलली तर फ्रिक्वेन्सी, तिच्या संकेताची ओळख, एफएमएस (मार्गाचा संगणक), मिनिमा (धावपट्टी न दिसता उतरायची किमान उंची) आणि मिस्ड ॲप्रोच (उतरणे सोडल्यावरचा मार्ग) हे सगळे नव्याने करायचे असते. तेवढा वेळ नसेल तर ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, हा पूर्ण, सन्मान्य आणि प्रमाण शब्द आहे. नियंत्रकाला तो लवकर ऐकायला आवडतो, उशिरा नाही.

‘कंटिन्यू ॲप्रोच’ ही उतरण्याची परवानगी नाही. परवानगी मिळाल्याची एक दिसणारी खूण ठरवा, अनेक जण त्या क्षणी एक ठरावीक लँडिंग लाइट लावतात.

टप्पा ७ : इंधन कमी असेल तर

सभ्यतेने अडून बोलणे इथे घातक ठरते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कला येणारे आव्हियांका ५२ हे विमान होल्डिंगमध्ये एकूण ७७ मिनिटे फिरले. इंधन संपत आल्याचे रेडिओवर सांगितले गेले, पण आणीबाणीचा प्रमाण शब्द एकदाही गेला नाही. १५८ पैकी ७३ जण गेले. नियंत्रकाला ‘इंधन कमी आहे’ या वाक्यातून नेमकी पातळी कळत नाही, दिवसभरात ते तो अनेकदा ऐकतो.

दोनच पायऱ्या लक्षात ठेवा. ठरलेल्या विमानतळावर उतरणे बंधनकारक झाले आहे आणि आणखी विलंब झाला तर अंतिम राखीव साठ्यापेक्षा कमी इंधन उरू शकते, तेव्हा ‘मिनिमम फ्युएल’. याने प्राधान्य मिळत नाही, नियंत्रक फक्त सावध होतो. उतरताना राखीव साठ्यापेक्षा कमी उरणार असा हिशोब निघाला की ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’. जेट विमानासाठी हा साठा विमानतळाच्या १५०० फूट वर होल्डिंगच्या वेगाने ३० मिनिटे पुरेल इतका असतो. ‘आम्हाला प्राधान्य द्या’ ही यातली कोणतीच पायरी नाही. रेडिओ सहवैमानिकाकडे असेल तर त्याने नेमके कोणते शब्द उच्चारले हे कॅप्टनने कानाने ऐकावे, ‘सांगितले का’ एवढे विचारून भागत नाही.

टप्पा ८ : माइकच्या दुसऱ्या बाजूला

नियंत्रकांसाठी थोडे, पण तितकेच कडक. बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या आत, आकड्याआधी आणि नंतर किंचित विराम. एका संदेशात दोन, फार तर तीन सूचना. चौथी द्यायची असेल तर पहिल्या रीडबॅकनंतर.

रीडबॅक येत असताना फोन उचलू नका, पुढच्या स्ट्रिपवर (विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर) लिहू नका. स्ट्रिपवरच्या आकड्यावर खूण करायची ती सूचना देताना नाही, परत ऐकताना, अंकावर बोट ठेवून. चूक ऐकू आली तर ‘निगेटिव्ह, आय से अगेन’ म्हणून फक्त चुकलेला भाग द्या, आणि त्याचाही रीडबॅक घ्या. हा दुसरा रीडबॅक बऱ्याचदा राहून जातो. सारखे कॉलसाइन असलेली दोन विमाने फ्रिक्वेन्सीवर असतील तर दोघांनाही तसे सांगा, गरज पडली तर एकाचे कॉलसाइन तात्पुरते बदला.

विचित्र प्रश्न आला तर त्यामागचे कारण शोधा. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या एअर कॅनडाच्या विमानाने धावपट्टीवर दिवे दिसत असल्याचे सांगून परवानगीची खात्री मागितली. टॉवरने सांगितले की २८ उजवी या धावपट्टीवर कोणी नाही. ते खरेच होते. पण विमान शेजारच्या टॅक्सीवेच्या (धावपट्टीकडे जाण्याच्या रस्त्याच्या) रेषेत होते आणि ते दिवे तिथे थांबलेल्या विमानांचे होते. त्यांच्या अगदी जवळ येऊन ते गो-अराउंडला गेले. रिकाम्या धावपट्टीवर दिवे दिसतात असे कोणी म्हटले की पहिला विचार हाच करा, की तो कुठे पाहतो आहे. आणि वैमानिकाने असा प्रश्न विचारायची वेळ आली तर उत्तर येईपर्यंत खाली जात राहू नये.

टप्पा ९ : चूक झाल्यावर

बोलताना जीभ घसरली तर ‘करेक्शन’ म्हणून बरोबर आकडा पूर्ण म्हणा. चुकीच्या उंचीकडे निघालो आहोत हे लक्षात आले तर उतरणी किंवा चढणी थांबवा, विमान स्थिर करा, लगेच नियंत्रकाला सांगा. गुपचूप परत वर सरकू नका, मधल्या काळात तिथे दुसऱ्याला जागा दिलेली असू शकते. टीकॅसचा (विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा) आदेश, म्हणजे आरए, आला तर नियंत्रकाची सूचना काहीही असो, टीकॅसचे पाळा आणि ‘टीकॅस आरए’ एवढेच म्हणा.

उतरल्यावर त्याच दिवशी लिहून ठेवा : वेळ, फ्रिक्वेन्सी, दोन्ही बाजूंचे आठवतील तसे मूळ शब्द, आणि त्या क्षणी तुम्हाला कोणता आकडा ऐकू येईल असे वाटत होते. अहवालात हे शेवटचे कलम बहुतेक जण गाळतात. तपासणाऱ्याला मात्र सर्वांत आधी तेच हवे असते.